बोटभर सैनिकांचे रंग



वसंत व्याख्यानमालेत श्रोत्यांची अपेक्षा संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असल्या भारदस्त विषयांची असते. अशा ठिकाणी आम्ही आज बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगविण्याची गोष्ट सांगावयास उभे आहोत, हे ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्हांस येथूनही दिसते आहे. ते स्मित आम्हांस मान्य आहे. पण विषय लहान असला म्हणजे त्यातून निघणारा प्रश्नही लहानच असतो असे नव्हे, एवढेच आरंभी सांगून ठेवतो.

प्रथम हा छंद म्हणजे काय ते सांगावयास हवे. एक मोठे मेज घ्यावयाचे. त्यावर टेकड्या, ओढे, झाडे, दोनचार घरे मांडावयाची. दोन बाजूंना दोन सैन्ये उभी करावयाची. त्यांतील एकेक सैनिक सुमारे २८ मिलिमीटर उंचीचा, म्हणजे उभा केला तर आपल्या अंगठ्याच्या पेरापेक्षा फारसा मोठा नाही. मोजपट्टीने अंतर मोजून चाल करावयाची, आणि हल्ल्याचा निकाल फाशांनी लावावयाचा. हे सैन्य बहुधा रंगवून मिळत नाही. धातूचे किंवा प्लास्टिकचे बिनरंगी तुकडे मिळतात. ते जोडावे लागतात, आणि मग एकेक सैनिक आपल्या हाताने रंगवावा लागतो. खेळणे महिन्यातून एखादे वेळी आणि रंगविणे मात्र रोज रात्री, असेच पुष्कळांचे चालते.

या खेळाचे मूळ रणांगणाच्या शाळेत आहे. प्रशियाच्या फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ च्या सुमारास आपल्या राजाला मेजावरच्या युद्धाचा खेळ दाखविला. त्याच्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम बांधून दिले, आणि सेनाधिकारी नकाशावर तो खेळू लागले. तेथे सैनिक नव्हते, नुसते ठोकळे होते. एका पक्षाचे तांबडे, दुसऱ्याचे निळे. हे दोन रंग ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्यांच्याशी आपल्याला काम आहे. १८९३ साली विल्यम ब्रिटन याच्या इंग्लंडातील कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास आरंभ केला, आणि खेळण्यांतले सैन्य सामान्य घरांत आले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. जमिनीवरच्या या लुटुपुटीच्या लढाईने माणसाची खऱ्या लढाईची हौस फिटावी, असा त्यांचा भाव होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडात या खेळात राक्षस, बुटके, भुते, उडते सर्प यांची कल्पित सैन्ये आली, आणि आज जगभर जे रंगविले जाते त्यांतले पुष्कळसे असलेच अद्भुत सैन्य असते.

आता कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे खूळ. गंगापूरला त्याचे काय? तर पुणे, सातारा, कोल्हापूरकडे दिवाळीत अंगणोअंगणी मातीचा किल्ला होतो हे आपणांस ठाऊक आहे. दगडविटांवर पोते, त्यावर चिखल, त्यावर पेरलेले अळीव, आणि बुरुजाबुरुजावर कुंभाराकडून आणलेली मावळ्यांची रंगीत चित्रे. चित्र म्हणजे येथे कागदावरचे नव्हे. मातीच्या त्या बाहुलीलाच तिकडे चित्र म्हणतात. आम्हीही आज तोच शब्द वापरणार आहोत. आपल्या मराठवाड्यात किल्ल्यांची चाल तेवढी दाट नसेल. पण पोळ्याला मातीचे बैल आपण रंगवितोच.

आणि अद्भुत सैन्याचे म्हणाल, तर ते रंगविण्यात आमचा जिल्हा जगाच्या फार पुढे होता. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळी, कोणा चित्रकारांनी सिंहलाची कथा भिंतभर रंगविली आहे. रूपवती स्त्रियांची सोंगे घेतलेल्या राक्षसी, त्यांच्या बेटावर चालून जाणारा सिंहल, त्याचे हत्ती, घोडेस्वार, भालाईत, सारे तेथे आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या भिंतीवर रामायण पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहे; त्यात वानरसेना आहे. आज तो दगड काळाकरडा दिसतो, पण एके काळी कैलासावर गिलावा होता व त्यावर रंग होता. त्याचे अवशेष अजून सापडतात, आणि म्हणूनच लोक त्याला रंगमहाल म्हणत. तेव्हा लहान आकृतींचे सैन्य घडविणे व रंगविणे ही गोष्ट आपणांस कोणी शिकवावयास नको.

रंगविण्याची रीत थोडी सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्या रीतीतूनच निघाला आहे. प्रथम चित्र साबणाच्या पाण्याने धुवून घ्यावे, कारण साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. मग अस्तर द्यावे. पांढरे अस्तर दिले तर वरचे रंग उजळ दिसतात; काळे दिले तर खाचाखोचांतली सावली आयती मिळते. अस्तर वाळल्यावर रंग आतून बाहेर द्यावे, म्हणजे माणूस जसा कपडे घालतो त्या क्रमाने: आधी अंगाचा वर्ण, मग अंगरखा, मग कमरबंद, मग ढाल-तलवार. रंग पाण्याने दुधासारखा पातळ करावा. नवशिक्याची पहिली चूक जाड रंगाची असते. जाड रंगाने नाक आणि ओठ बुजून जातात, आणि शूर शिपाई मेणाच्या गोळ्यासारखा दिसू लागतो.

मग गडद रंगाचे अगदी पातळ पाणी सर्वांगावरून सोडावे. ते चुण्यांत आणि खळग्यांत आपोआप उतरते व तेथे सावली करते. ते वाळले की कुंचल्याला फिका रंग लावून तो कागदावर जवळजवळ पुसून टाकावा, आणि तसा कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. सावली आणि उजेड दोन्ही साधले की एवढेसे चित्र जिवंत वाटू लागते. सैन्य मोठे असले तर एकेक सैनिक पुरा करीत बसू नये. पंगतीत वाढतात तसे करावे: एकाने सर्वांना मीठ वाढावे, मग सर्वांना चटणी, मग सर्वांना भात. दहा जणांचे चेहरे, मग दहा जणांचे अंगरखे, मग दहा जणांची पागोटी.

सर्वांत अवघड काम डोळ्यांचे. आपले मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीला किती जपतात हे आपण पाहतो. अनेक कारखान्यांत ती आखणी जाणता हातच करतो. येथे डोळा मिलिमीटरभरही नसतो. पांढरा ठिपका द्यावा, त्यावर काळी उभी रेघ ओढावी, आणि जे बाहेर जाईल ते अंगाच्या वर्णाने झाकावे. पुष्कळ जण डोळे सोडून देतात. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, हे खरेच आहे. पण ज्याने डोळे रंगविले त्याला ते चित्र पुढे निराळे वाटते, हा आमचा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या शेजारी, वैजापूर तालुक्यात, पालखेड आहे. थोरले बाजीराव पेशवे आणि निजाम-उल्-मुल्क यांची गाठ फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस तेथे पडली. दक्षिणच्या चौथाईवरून वाद होता, आणि शाहू छत्रपतींच्या विरुद्ध कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष निजामाने उचलला होता. बाजीरावाने जालन्याकडून वऱ्हाड, खानदेश, गुजरात अशी दौड करून निजामाला हुलकावण्या दिल्या. निजाम पुण्याच्या मुलुखात उतरला, तेव्हा हा उलटून औरंगाबादेच्या रोखाने आला. राजधानी वाचविण्यासाठी निजामाला धावत यावे लागले. त्या घाईत तोफखान्याचे जड ओझे मागे राहिले, आणि पालखेडाजवळ त्याच्या छावणीची दाणापाण्यावाचून कोंडी झाली. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. रक्तपात थोडा आणि चालीचे चातुर्य मोठे, म्हणून ब्रिटिश सेनानी माँटगोमेरी यांनीही १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा गौरव केला.

आपल्याच गंगथडीतली ही लढाई मेजावर मांडावी, असे आम्हांस वाटले. आमच्या गल्लीतील पाचसहा मुले मदतीला आली. काही चित्रे विकत घेतली, काही शाडूची केली. एके रात्री रंगाच्या बाटल्या उघडल्यावर एका मुलाने विचारले, "काका, निजामाच्या लोकांना हिरवा ना?"

आम्ही सहज म्हणालो, "हो, हिरवा. आणि आपल्यांना भगवा."

हे उत्तर देताना आम्ही क्षणभरही विचार केला नाही. त्या रात्री आणि पुढच्या दोन रात्री मिळून वीस चित्रे हिरवी झाली. अंगरखे हिरवे, पागोटी हिरवी. दुसऱ्या बाजूला वीस भगवी झाली. मेजावर मांडून पाहिली तेव्हा सुबक दिसली. प्रशियाच्या त्या तांबड्यानिळ्या ठोकळ्यांसारखीच दिसली, आणि तेथेच आमच्या मनात शंका आली. ही माणसे आहेत की ठोकळे?

मग आम्ही जे आधी करावयाचे ते मागाहून केले, म्हणजे वाचावयास बसलो. मराठ्यांच्या फौजेत बारगीर असे आणि शिलेदार असे. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळे. शिलेदार आपला घोडा व आपले हत्यार घेऊन येई. जो आपला घोडा घेऊन येतो तो कपडेही आपलेच घालून येणार. सगळ्यांना एका रंगाचा पोषाख ही कल्पनाच त्या फौजेत नव्हती. निशाण भगवे असे, जरीपटका असे. पण निशाणाचा रंग निशाणाला, अंगरख्याला नव्हे. निजामाच्या घोडदळाचीही गोष्ट फारशी निराळी नव्हती. दोन्हीकडचे कापड त्याच मुलुखातले, आणि रंग तेच: मंजिष्ठाचा तांबडा, निळीचा निळा, कुसुंब्याचा केशरी, हळदीचा पिवळा, आणि बहुतेकांच्या अंगावर धुऊन मळकट झालेला पांढरा. रसायनशाळेत तयार झालेला पहिला झगझगीत जांभळा १८५६ साली निघाला. तेव्हा आमच्या बाटल्यांतले निम्मे रंग पालखेडच्या मैदानावर कोणी पाहिलेलेच नव्हते.

याहून मोठी गोष्ट पुढेच होती. निजामाच्या बाजूला चंद्रसेन जाधव होता, आणि हा चंद्रसेन म्हणजे मराठ्यांचे सेनापती धनाजी जाधव यांचा मुलगा. शाहू महाराजांशी बिनसल्यावर तो निजामाकडे गेला व तेथे जहागीरदार झाला. त्याच्याबरोबर मराठे स्वार होते. आता या स्वारांना हिरवे अंगरखे घालावे काय? आणखी मागे गेलो तर गोंधळ वाढतच गेला. वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीचे सरदार. १६१० साली खडकी वसविणारा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराचा पाया घालणारा मलिक अंबर जातीने हबशी. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत तो मोगल आणि आदिलशहा यांच्या फौजांविरुद्ध लढला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते, आणि त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत पडले. उलट १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना ज्याने अखेरपर्यंत लढविला तो इब्राहिमखान गारदी मुसलमान, आणि तो पूर्वी निजामाच्या पदरी होता. दोन बाटल्यांत मावेल असा हा इतिहास नाही.

आम्ही असे म्हणत नाही की लढाईला पक्ष नव्हते. पक्ष होते, वैरही होते, आणि पालखेडला कोण जिंकले हेही स्पष्ट आहे. धर्माचा अभिमान किंवा धर्माचा जुलूम त्या काळात नव्हताच, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की कोण कोणत्या बाजूस उभा आहे हे त्याच्या अंगरख्याच्या रंगावरून आपणांस कळेल, हा भ्रम आहे; आणि तो भ्रम त्या मुलाच्या मनात शाळेने नव्हे, कोणा पुढाऱ्याने नव्हे, तर आमच्या एका सहज "हो" ने पक्का केला होता. हे आम्हांस लागले.

तेव्हा वीसच्या वीस हिरवी चित्रे पुन्हा रंगवावयाची ठरले, आणि आमच्या भगव्यांचीही तीच गत झाली. पण जुन्या रंगावर नवा रंग चढविता येत नाही, चेहरा बुजतो. जुना रंग आधी काढावा लागतो. धातूची चित्रे स्पिरिटमध्ये भिजवून दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने घासली. शाडूची घासता येईनात, ती नव्याने केली. चुकीचा रंग देण्यास तीन रात्री लागल्या होत्या, तो काढण्यास आठवडा लागला.

दुसऱ्या खेपेस आम्ही घोड्यांपासून आरंभ केला. मराठीत घोड्यांच्या रंगांना किती नावे आहेत! कुमैत, मुश्की, अबलख, पंचकल्याणी. मुलांनी हे शब्द प्रथमच ऐकले, आणि प्रत्येकाने आपल्यासाठी एक घोडा निवडला. मग अंगाचा वर्ण आला. येथे एक गोष्ट कोणी न सांगता घडली. पंगतीच्या रीतीप्रमाणे दोन्ही सैन्यांचे चाळीस चेहरे एका ओळीत ठेवले होते, आणि ते एकाच बाटलीतल्या रंगाने रंगविले गेले. कोणाचा थोडा उजळ, कोणाचा सावळा; पण तो फरक ओळीत सगळीकडे विखुरलेला. ज्या मुलाने हिरव्याविषयी विचारले होते तोच म्हणाला, "काका, आता निजामाचे कोणते नि आपले कोणते, ते कळतच नाही."

खेळाच्या दृष्टीने ही अडचण खरीच होती. चाल करताना माणूस ओळखू यावयास हवा. त्यावर तोडगा त्या मुलांनीच काढला. प्रत्येक चित्र एका लहान चकतीवर, म्हणजे बैठकीवर, चिकटविलेले असते. त्या बैठकीच्या कडेला रंग द्यावयाचा: एका पक्षाची कड तांबडी, दुसऱ्याची निळी. वर उभा असलेला माणूस मात्र माणसाच्याच रंगात. आम्हांस हा तोडगा फार आवडला. पक्ष बैठकीला असतो, चेहऱ्याला नसतो. चंद्रसेन जाधवाची बैठक बदलली की तो दुसऱ्या बाजूचा झाला. त्याचा चेहरा तोच राहिला. वर्षानुवर्षे पुस्तके वाचून आम्हांस जे नीट सांगता आले नसते, ते चार आण्यांच्या शहाणपणाने त्या पोरांनी करून दाखविले.

खेळ झाला तेव्हा आणखी एक पेच आला. निजाम व्हावयास कोणी तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाने चिठ्ठी निघाली तो आधी रुसला. पण मेजाच्या त्या बाजूला उभा राहिल्यावर विचार करू लागला. तोफा मागे टाकाव्या की बरोबर घ्याव्या? घेतल्या तर चाल मंदावते, टाकल्या तर छावणी उघडी पडते. नदी दूर, विहिरी थोड्या. पाऊण तासाने त्याची कोंडी झाली, आणि तो म्हणाला, "बाजीराव भारीच होता!" शत्रूच्या जागी उभे राहून त्याने बाजीरावाचे मोठेपण मोजले. शत्रूला हिरवा ठोकळा केला असता तर हे झाले नसते. कारण ठोकळ्यावर मिळविलेल्या जयात मोठेपण कसले?

या छंदावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मुलांना युद्धाचा नाद लागेल. वेल्सची आशा १९१४ साली फोल ठरली हे आम्ही वर सांगितलेच आहे; मेजावरच्या लढाईने खरी लढाई थांबत नाही. पण जो एका शिपायाचे डोळे रंगविण्यास अर्धा तास बसला आहे, तो शिपाई पडला म्हणून मेजावरून उचलताना त्याच्या हाताला काही वाटते, हेही आम्ही पाहिले आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. परदेशी चित्रे महाग असतात, हे खरे. पण शाडू माती आहे, शाळेतले रंग आहेत, दोन बारीक कुंचले आहेत. बैठकीला जुन्या पुठ्ठ्याच्या चकत्या चालतात. एक सूचना मात्र करून ठेवतो: जुनी शिशाची खेळणी कोणाच्या घरी असतील तर ती लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि कुंचल्याचे टोक कोणीही ओठांनी ओले करू नये.

आमची विनंती एवढीच आहे. येत्या दिवाळीत आपल्या अंगणात किल्ला करा. देवगिरी करा, पालखेडचे मैदान करा. चित्रे आयती रंगविलेली आणू नका. कोरी आणा, आणि मुलांना रंगवू द्या. आणि एखाद्या मुलाने कुंचला हातात घेऊन विचारले, "ह्याला कोणता रंग देऊ?" तर आमच्यासारखे चटकन उत्तर देऊ नका. "तो कोण होता, ते आधी पाहू" असे म्हणा, आणि त्याच्याजवळ बसा.